तिशीची अट

4 जून 2024 च्या दुपारी आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात कुणीच काम करत नव्हतं. एका स्क्रीनवर कोड उघडा, दुसऱ्यावर निकाल. शेअर बाजार कोसळला होता, त्यामुळे ‘आपल्याला राजकारणात इंटरेस्ट नाही बुवा’ म्हणणारेही तोंड पाडून बसले होते. संध्याकाळी फ्लॅटवर आलो तर आम्ही दोघंही नाराज, आणि तीही उलट्या कारणांनी. एकाचं म्हणणं, आपला पक्ष 240 वर अडकला, स्वबळावर बहुमत गेलं. दुसऱ्याचं म्हणणं, एवढं होऊनही सरकार काही बदललं नाही. एकाच डब्यातली भाजी आम्ही न बोलता खाल्ली.

त्या दोघांतला मी कोणता, ते सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथेच थांबतील.

एवढं मात्र सांगतो की मी नुसता टीव्ही बघणारा नव्हतो. तीन महिने शनिवार-रविवार घालून मी मतदारयाद्या तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. आमच्या भागातल्या एका वस्तीची जुनी घरं पाडली गेली, माणसं पलीकडच्या इमारतीत गेली आणि त्यांतल्या अनेकांची नावं यादीतून गायब झाली. ती नावं प्रोग्रामने बरोबर पकडली होती. निकालाच्या रात्री मी ते फोल्डर बंद केलं आणि कंपनीच्या म्युनिकच्या ऑफिसात बदली मागायचा फॉर्म उघडला. वय वर्षं एकोणतीस. आता बस झालं, असं वाटलं.

तेवढ्यात वर्ध्याहून मोठ्या मामांचा फोन आला.

“जेवला का?” हा त्यांचा नेहमीचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न: “लई लागलं का रे?”

मामा बँकेतून रिटायर झालेले, अडुसष्ट वर्षांचे. तरुणपणी ते ‘जेपींच्या आंदोलनात’ होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण पाहुण्यांना सांगायची गोष्ट म्हणून. त्या रात्री ते तासभर बोलले. नंतरचे काही महिने मी मिळेल ते वाचत राहिलो. हा लेख त्यातून आला आहे.

गोष्ट सुरू होते आपल्या ओळखीच्या जागी: इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसमध्ये. डिसेंबर 1973, अहमदाबादचं एल. डी. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. मेसचं बिल वीस टक्क्यांनी वाढलं आणि मुलं भडकली. महागाईने शहर आधीच हैराण होतं, त्यामुळे मेसचं भांडण बघता बघता गावाचं झालं. नवनिर्माण आंदोलन म्हणतात ते हेच. 9 फेब्रुवारी 1974 ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला, आणि मार्चमध्ये विधानसभाच बरखास्त झाली. तीन महिन्यांच्या आत मेसच्या बिलापासून विधानसभेपर्यंत! माझ्या कॉलेजात मेसच्या पोळ्यांवरून आम्ही दिलेल्या निवेदनाला उत्तरसुद्धा आलं नव्हतं.

18 मार्च 1974 ला बिहारचे विद्यार्थी पाटण्यात विधानसभेवर धडकले. त्यांनी जयप्रकाश नारायणांना नेतृत्व करायला सांगितलं. 5 जूनला गांधी मैदानात जेपींनी ‘संपूर्ण क्रांती’ची हाक दिली. 1 जानेवारी 1975 ला त्यांनी छात्र युवा संघर्ष वाहिनी सुरू केली. वाहिनीच्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. ती पक्षांपासून आणि सत्तेपासून लांब राहणार होती. आणि वयाची अट होती: तीस झाली की बाहेर. म्हणजे संघटनेत कुणी कायमचा नेता होऊन बसू शकत नव्हता.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. 25 जून 1975 ची आणीबाणी, अटका, सेन्सॉर. मार्च 1977 मध्ये निवडणूक. काँग्रेस 154 वर आली, जनता पक्षाला 295 जागा मिळाल्या. रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या, अमेठीत संजय गांधी हरले. बिहारमध्ये 54 पैकी 52 जागा जनता पक्षाच्या.

यातली एक गंमत मला मामांनी सांगेपर्यंत लक्षात आली नव्हती. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. अठरा-एकोणीसच्या ज्या पोरांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास भोगला, त्यांतल्या कित्येकांना त्या निवडणुकीत मतच नव्हतं. अठराव्या वर्षी तुरुंगात जाता येत होतं, मतदानकेंद्रात नाही. 61 वी घटनादुरुस्ती होऊन अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळाला तो 1989 मध्ये.

“तुम्हाला होतं का मत?” मी विचारलं.

“नुकतंच एकवीस पूर्ण झालं होतं. पण यादीत नाव नव्हतं. दुसऱ्यांना बूथवर पोचवत बसलो.”

आता निराशेकडे येऊ. आपण म्हणतो की 1980 च्या निकालाने त्या पिढीचा हिरमोड झाला. तारखा लावून बघितल्या की वेगळंच दिसतं. निराशा तीन वर्षं हप्त्याहप्त्याने येत होती.

मे 1977: सरकारला दोन महिने झाले होते, तेव्हा बिहारमधल्या बेलछी गावात दलितांचं हत्याकांड झालं. त्या गावी चिखलातून, हत्तीवर बसून पोचल्या त्या हरलेल्या इंदिरा गांधी. जुलै 1978: महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. मुंबईत तेव्हा जनता पक्षाचा सहभाग असलेलंच सरकार होतं. नामांतराच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तरुणांना 1980 च्या निकालाची वाट बघायची गरजच नव्हती. 1979 च्या नोव्हेंबरात नागपूरहून लाँग मार्च निघाला, तेव्हा दिल्लीत कोण बसलंय यापेक्षा आपलं घर कुणी जाळलं हा प्रश्न मोठा होता. ‘युवकांची निराशा’ असं एकाच नावाने बोलताना ही गोष्ट सुटून जाते. कुणाचा स्वप्नभंग होत होता, तर कुणाचं घर जळत होतं.

मार्च 1979 मध्ये लोकसभेत जेपींना श्रद्धांजली वाहून कामकाज तहकूब करण्यात आलं. जेपी जिवंत होते. ज्यांच्यामुळे ते सरकार आलं, त्यांच्या जगण्या-मरण्याची बातमीही त्या सरकारला नीट कळली नाही. जुलैत मोरारजी देसाई गेले, चरणसिंग आले आणि ऑगस्टमध्ये तेही गेले. 8 ऑक्टोबरला जेपी खरोखर गेले.

मग 3 आणि 6 जानेवारी 1980 चं मतदान. प्रचारात कांद्याचे भाव गाजत होते. 1977 ला साडेसाठ टक्के मतदान झालं होतं, ते आता सत्तावन्न टक्क्यांवर आलं. काँग्रेस (इं) ला 353 जागा. जनता पक्षाला 31.

“रेडिओवर ऐकत होतो,” मामा म्हणाले. “आठ-दहा जण होतो खोलीत. कुणी रडलं-बिडलं नाही. एकाने रेडिओ बंद केला, दुसऱ्याने चहा टाकला. हारलो त्याचं नाही वाटलं. आपण हरायच्याच लायकीचे आहोत असं वाटलं, ते जड गेलं.”

त्या खोलीतल्यासारख्या हजारो तरुणांनी पुढे काय केलं? मला वाचताना ढोबळ तीन वाटा दिसल्या.

काही जण निवडणुकीच्या मैदानातच राहिले. पाटण्याच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेले नितीश कुमार 1977 च्या जनता लाटेतही विधानसभेला हरले होते. 1980 मध्ये पुन्हा हरले. 1985 मध्ये एकदाचे निवडून आले. एकोणतिसाव्या वर्षी खासदार झालेले लालूप्रसाद 1980 ची लोकसभा हरले. त्यांचं पुढचं राजकारण कुणाला आवडो न आवडो, हरल्यावर टिकून राहणं हेही एक कौशल्य असतं. (आणि टिकून राहणं फक्त चांगल्यांनाच जमतं असंही नाही. ज्यांना विद्यार्थ्यांनी घालवलं ते चिमणभाई 1990 मध्ये पुन्हा गुजरातचे मुख्यमंत्री झाले.)

दुसरी वाट कामाची. बोधगयेत एका मठाकडे हजारो एकर जमीन होती. तिच्यावर राबणारे भूमिहीन बहुतेक मुसहर समाजाचे. वाहिनीच्या पोरापोरींनी 1978 पासून तिथे मुक्काम ठोकला होता. 8 ऑगस्ट 1979 ला तिथल्या संघर्षात दोन मजूर मारले गेले, आणि तेव्हा बिहारमध्ये जनता पक्षाचं सरकार होतं. जानेवारीत दिल्लीतलं सरकार गेलं, वर्षभरात पाटण्यातलंही काँग्रेसकडे आलं. पण हे आंदोलन थांबलं नाही, कारण त्याची तारीख निवडणूक आयोगाच्या हातात नव्हती. 1982 च्या सुमारास जमिनीचे पट्टे मिळू लागले. पहिल्या टप्प्यात सुमारे हजार एकर. बायकांनी आग्रह धरला की पट्टे आमच्या नावावर करा. अधिकाऱ्यांना ते पटेना, कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष असं त्यांचं म्हणणं. काही ठिकाणी गावाने सांगितलं, मग जमीनच नको. शेवटी बायकांच्या नावाचे पट्टे निघाले.

हा भाग मी दोनदा वाचला. ज्या सरकारला निवडून आणलं त्याच्या काळात माणसं मारली गेली, आणि ज्याच्या विजयाने चहा कडू झाला त्याच्या काळात जमीन मिळाली. यावरून हे सरकार चांगलं आणि ते वाईट असं सिद्ध होत नाही. पट्टे मिळाले ते बायका हटल्या नाहीत म्हणून. निकालाने त्यांचं काम सोपं किंवा अवघड होऊ शकत होतं, संपत नव्हतं.

असंच एक उदाहरण आपल्या गडचिरोलीचं. वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि गावकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं अभ्यास करत, चर्चा करत राहिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावाची. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. 1980 नंतर मधे किती लोकसभा आल्या नि गेल्या, मोजा.

तिसरी वाट सर्वांत मोठी, आणि तिच्यावर लेख लिहिले जात नाहीत. ती माझ्या मामांची. 1980 च्या उन्हाळ्यात त्यांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला. 1981 मध्ये नोकरी लागली. तिशीची अट लागायला अजून पाच वर्षं होती.

“निकालामुळे सोडलं ना तुम्ही?” मी विचारलं.

बराच वेळ फोनवर काही आवाज नव्हता.

“चाळीस वर्षं तसंच सांगतो मी सगळ्यांना,” ते म्हणाले. “खरं सांगू का? मले आधीच सोडायचं होतं. घरी पैसे नव्हते, बहिणींची लग्नं होती, बोधगयेच्या शिबिरात जाऊन आलो तर ताप निघत नव्हता. पण सोडतो म्हणायची लाज वाटे. निकाल लागला आणि मले कारण भेटलं. देशच असा आहे म्हटलं की आपल्याले काही म्हणावं लागत नाही.”

त्या बहिणींतली एक माझी आई. तेव्हा मामांनी सोडलं ते चूक होतं असं म्हणायचा हक्क मला तरी नाही.

पण म्युनिकचा फॉर्म समोर उघडाच होता. म्युनिकला जायला माझी काही हरकत नव्हती आणि नाही. चांगलं ऑफिस आहे. मात्र तो फॉर्म मी मार्चमध्येही एकदा उघडला होता, निकालाच्या तीन महिने आधी, हे मला त्या क्षणी आठवलं.

“तू ते यादीचं काय केलं होतं ना,” मामांनी फोन ठेवता ठेवता विचारलं, “ती नावं आली का मग?”

“इलेक्शन झालं ना मामा.”

“ते झालं रे. नावं आली का?”

नव्हती आली. नावं शोधून मी ती प्रचारवाल्यांना दिली होती आणि माझं काम संपलं असं धरून चाललो होतो. माझ्या प्रोग्रामला शेवटची तारीख होती. त्या लोकांच्या पत्त्याला नव्हती.

जूनच्या शेवटच्या रविवारी मी त्या इमारतीत गेलो. बरोबर फ्लॅटमेट होता, उलट्या कारणाने नाराज झालेला. नावं कोणत्या पक्षाची मतं आहेत हे दोघांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे भांडण झालं नाही. मतदार नोंदणीचा नमुना 6 भरायला अर्धा तास लागतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं, कारण आधारकार्ड एका घरात, फोटो दुसऱ्या घरात आणि लाइटबिल गावी असतं. दिवसभरात अकरा अर्ज झाले. एका आजींनी विचारलं, “कुणाकडून आलात?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. “असेच आलो,” तो म्हणाला.

त्यांतली नऊ नावं नोव्हेंबरच्या विधानसभेच्या यादीत आली. दोन अजून अडकली आहेत.

मी पुढच्या महिन्यात तीस पूर्ण करतोय. वाहिनीत असतो तर बाहेर पडावं लागलं असतं. सध्या त्या दोन नावांचा पाठपुरावा चालू आहे.