दांड्याभोवतीची दोरी

खानदेशच्या पाण्याचा इतिहास सांगताना आपण पांझरेवरचे फड सांगतो, विहिरीवरची मोट सांगतो. पंपाच्या दांड्याभोवतीची दोरी मात्र विसरतो. मोटेची जागा इंजिन-पंपाने घेतली तेव्हा नवाच पेच पडला: दांडा तर फिरला पाहिजे, पण त्याच्या कडेने पाणी बाहेर वा हवा आत जाता कामा नये. तोड जुनीच होती. अठराव्या शतकात जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाच्या वरखाली होणाऱ्या दांड्याभोवती चरबीत भिजवलेले तंतू ठासले होते. आमच्या मिस्त्र्यांची ‘ग्लँड दोरी’ त्याच कुळातली.

नवशिका गळती पाहून नट आवळतो. पाणी थांबते, पण दांडा तापतो, दोरी करपते, दांड्यावर चरे पडतात आणि गळती वाढते. जाणता मिस्त्री थेंब थेंब गळू देतो, कारण तो थेंबच दांडा थंड ठेवतो. पुढे एकमेकींवर घासणाऱ्या गुळगुळीत कड्यांचे सील आले. त्यांनाही मध्ये पाण्याचा पातळ थर लागतोच.

आता सबमर्सिबल पंप बोअरमध्ये उतरला आणि थेंब दृष्टीआड झाला. यावल-रावेरच्या केळीबागांखालचे पाणीही असेच दृष्टीआड खोल गेले. थेंब डोळ्यांपुढे होता, तोवर त्याचा हिशेब तरी राहत असे.