गावकुसाबाहेरचा वाचक आणि ग्रंथालय

१९१७ साली बडोद्यातील एका पारशी पथिकाश्रमात एक तरुण अधिकारी कचेरीला निघण्याच्या तयारीत होता. सकाळचे जेवण उरकले होते. आदल्या रात्री वाचावयास आणलेली ग्रंथालयाची पुस्तके परत करावयाची म्हणून तो ती गोळा करीत होता. इतक्यात जिन्यावर पुष्कळ पावले वाजली आणि हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी खोलीपुढे येऊन उभे राहिले. तू कोण, असे त्यांनी विचारले. तो गप्प उभा राहिला. पथिकाश्रम बाटविल्याचा आरोप झाला. आठ दिवसांची मुदत मागितली, ती नाकारण्यात आली. संध्याकाळपर्यंत जागा रिकामी झाली पाहिजे, असा हुकूम सुटला.

हा अधिकारी म्हणजे कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले भीमराव रामजी आंबेडकर. पुढे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत हा अकराव्या दिवसाचा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांकडेही सबब तयार होती. मग कामाठी बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबईचा रस्ता धरला.

हा प्रसंग आपण सभांतून अनेकदा सांगतो. त्यातल्या काठ्या आपल्याला दिसतात, परंतु बाबासाहेबांच्या हातातल्या पुस्तकांकडे आपले लक्ष जात नाही. मला वाटते, भारतातील ग्रंथालय चळवळीचा सारा प्रश्न त्या पुस्तकांत दडलेला आहे. ज्या शहराने त्यांना पुस्तक दिले, त्याच शहराने त्यांना खोली दिली नाही. पथिकाश्रमाच्या अडगळीने भरलेल्या माडीवर, कंदिलाच्या उजेडात, माणसांची सोबत नाही म्हणून त्यांनी पुस्तकांची सोबत धरली होती. ग्रंथालयाने एका अस्पृश्याची वाचनाची भूक भागविली, पण तो वाचक घरी गेल्यावर कोठे बसून वाचतो, हा प्रश्न त्या ग्रंथालयाचा नव्हता.

बाबासाहेबांनी ग्रंथालयाचे नाव दिलेले नाही. परंतु त्या काळचे बडोदे म्हणजे हिंदुस्थानातील ग्रंथालय चळवळीची राजधानी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्याच सुमारास मोतीभाई अमीन या शिक्षकाने मित्रमंडळ ग्रंथालयांची उभारणी आरंभली होती. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले आणि आपल्या राजवाड्यातील हजारो पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. तेथून फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी दालने झाली. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठी चित्रे दाखविण्याची सोय झाली. खेड्याने काही रक्कम जमविली की तेवढीच पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावयाची, अशी योजना होती. १९१२ मध्ये या चळवळीचे नियतकालिक निघाले, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.

ज्या राजाने हे केले, त्यानेच बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठविले होते. म्हणून बडोद्याला नावे ठेवून हा विषय मिटत नाही. प्रश्न निराळा आहे. राजाने पुस्तकांची पेटी गावापर्यंत पोचविली, पण गावात ती पेटी उघडणार कोठे? चावडीत की देवळाच्या ओवरीत? ज्या गावात अंत्यजाने चावडीची पायरी चढावयाची नाही, तेथे पेटी सर्वांसाठी असली तरी ती सर्वांची होत नाही. गावाने आपला वाटा घातला पाहिजे, ही अट रास्तच होती. परंतु वाटा घालणारे 'गाव' म्हणजे कोण, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच राहिला.

मराठी मुलखातले चित्र याहून वेगळे नव्हते. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. या संस्थांनी मराठी भाषेची मोठी सेवा केली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण अशा संस्था वर्गणीवर चालत. वर्गणी भरणारा सभासद, सभासदांनी निवडलेले चालक आणि चालकांच्या आवडीची पुस्तके, असे हे वर्तुळ होते. त्याबाहेरच्या माणसाला मज्जाव करण्यासाठी पाटी लावण्याची गरजच नव्हती. ज्याला शाळेत येऊ दिले नाही आणि ज्याच्या हाती रोकड पडली नाही, तो वाचनालयाच्या दारापर्यंत येणार तरी कसा?

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. महाडचा सत्याग्रह या ठरावाच्या पायावर उभा राहिला. त्याचे शब्द पुन्हा एकदा नीट वाचावेत. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने, ही सारी त्यात आहेत. ग्रंथालय मात्र त्या यादीत नाही. हे कुणाच्या दुष्टाव्याने घडले असे मी म्हणत नाही. पाण्याचा हक्क नाकारला तर माणूस तहानेने तडफडतो, ते डोळ्यांना दिसते. पुस्तकाचा हक्क नाकारला तर काहीच दिसत नाही. माणूस मुकाट राहतो, आणि त्याचे मौन हाच त्याचा स्वभाव आहे असे व्यवस्था समजून चालते.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला संघटित विचार विधिमंडळाबाहेर, परळच्या दामोदर हॉलमध्ये झाला. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जे उद्देश ठरविले, त्यांत वसतिगृहे काढणे होते आणि त्याच्या जोडीला वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग उघडणे होते. १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालविले. वसतिगृह आणि वाचनालय यांची ही सांगड अर्थपूर्ण आहे. बडोद्यात ज्याला पुस्तक मिळाले पण खोली मिळाली नाही, त्यानेच सात वर्षांनी खोली आणि पुस्तक यांची मागणी एकत्र मांडली. वाचनालय हे उपकाराचे दालन राहिले नाही, ते संघटनेचे अंग झाले.

ज्या समाजात वाचता येणारे थोडे, तेथे वाचनाची रीतही निराळी असते. 'मूकनायक' १९२० मध्ये निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये. अशी पत्रे एकाने वाचावयाची आणि अनेकांनी ऐकावयाची, ही चाळीतली आणि वस्तीतली पद्धत होती. ग्रंथालयशास्त्राच्या हिशेबात तो एक वाचक आणि एक अंक. प्रत्यक्षात ती एक सभा असे. शांतता पाळा, ही पाटी अशा वाचनालयात लावता येत नाही, कारण तेथे वाचन मोठ्यानेच होते आणि त्यातून वाद निघतो. त्या वादातूनच पुढचा कार्यकर्ता घडतो.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत निघालेले, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय. ज्यांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्यांनी महाविद्यालये उभारताना ग्रंथसंग्रहाला शोभेची वस्तू मानले नाही. मराठवाड्यातील खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलाला तेथे वसतिगृहातली खाट आणि ग्रंथालयातले टेबल एकाच आवारात मिळाले. दलित साहित्याच्या उगमाची चर्चा करताना आपण विद्रोहाविषयी बोलतो, त्या टेबलाविषयी फारसे बोलत नाही.

स्वतंत्र महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांताने १९४८ मध्येच ग्रंथालयासाठी मालमत्ता करावर अधिभार बसविला होता. महाराष्ट्राच्या कायद्याने तो मार्ग घेतला नाही. येथे संस्थांनी ग्रंथालय काढावे, शासनाने त्यास मान्यता द्यावी आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान द्यावे, अशी रीत पडली. या रीतीने राज्यात हजारो ग्रंथालये उभी राहिली. परंतु जेथे इमारत आहे, देणगीदार आहेत, दप्तर ठेवणारा शिकलेला माणूस आहे, तेथेच संस्था आधी उभी राहते. वस्तीजवळ यांतले काहीच नसते. कर असता तर ग्रंथालय मागण्याचा नागरिकाला हक्क असता. अनुदान असल्याने अर्ज करणाऱ्यालाच ते मिळते.

दलित समाजाला वाचनाची आवड नाही, असे कोणी म्हणू लागला तर त्याला ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर न्यावे. दूरच्या गावाहून आलेली बाई शिदोरीच्या पिशवीत पुस्तक घालून परत जाते. भूक आहे. पण ते पुस्तक घेऊन ती ज्या तालुक्याला परतते, तेथील ग्रंथालयाच्या चालकांना तिचे नावही ठाऊक नसते.

म्हणून ग्रंथालयाने लोकांपर्यंत जावे, एवढे म्हणणे पुरेसे नाही. पेटी बडोद्याचीही गेली होती. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत वस्तीचा माणूस असला पाहिजे आणि पुस्तकनिवडीत त्याचे मत असले पाहिजे. जलशांच्या वह्या, परिषदांची हस्तपत्रके, बंद पडलेल्या अनियतकालिकांचे अंक, हा आपला दस्तऐवज ग्रंथालयाने मागून घेऊन जपला पाहिजे. शासन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने उत्कृष्ट ग्रंथालयांना पुरस्कार देते. तो स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावे, आपल्या गावातील बौद्धवाड्यातून, मांगवाड्यातून, पारधी पालांवरून किती सभासद आपल्याकडे आहेत?

आणि आपल्यालाही काही विचारले पाहिजे. वस्तीवस्तीत बाबासाहेबांच्या नावाची वाचनालये आपण काढली. त्यांतली कित्येक १४ एप्रिलला उघडतात आणि नंतर कपाटाची किल्ली एकाच्या खिशात राहते. काहींची केवळ स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका झाली आहे. नोकरी हवीच, तिची टवाळी पोटभर जेवलेल्यानेच करावी. पण जेथे मुलगा वर्षभर बसतो आणि शेजारी बसलेल्याशी एकाही पुस्तकावर बोलत नाही, ते ठिकाण सभेने सांगितलेले सामाजिक केंद्र होत नाही. वाचता न येणाऱ्या आजीला तेथे बसावयास जागा आहे काय? मुलींना तेथे संध्याकाळी येता येते काय?

१९१७ च्या त्या सकाळी बाबासाहेब पुस्तके परत करावयास निघाले होते. ती वेळेवर ग्रंथालयात पोचली किंवा कसे, हे त्यांनी लिहिलेले नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी शाळा, वसतिगृहे, वाचनालये आणि महाविद्यालये उभी करून जे परत केले, त्याची नोंद मात्र आपल्या खाती आहे. वस्तीतल्या कपाटाची किल्ली कुणाच्या खिशात आहे, याचा शोध या आठवड्यातच घ्यावा, एवढीच विनंती.