सहाशे साचे आणि एक अंकलिपी

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे आपल्याकडे म्हणतात. इतिहासाच्या शिक्षकांचाही ‘जर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांवर भारी राग. जे घडले ते लिहावे, न घडलेल्याचा हिशेब कोणी मांडावा, असा त्यांचा रास्त सवाल असतो. तरीही उतारवयात, संध्याकाळची जपमाळ आटोपून ओटीवर बसले की मनाचा हा चाळा काही सुटत नाही. वाचकांनी घटकाभर या चाळ्यात मला सोबत करावी. माझा ‘जर’ चारशे वर्षांपूर्वीच्या गोव्यातून निघतो आणि वसईकडील एका घराच्या ओटीवर येऊन थांबतो.

पण त्याची सुरुवात झाली ती शाळेत. १९६० च्या दशकातील आमची शाळा म्हणजे कौलारू छपराचे चार वर्ग आणि मागे केळीची वाडी. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याकडे यायचे, त्यामुळे माझ्या वाचनमालेच्या पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचे वेष्टण आणि आतल्या चित्रांतील राजेमहाराजांना शाईच्या मिशा आधीच काढलेल्या असत. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास प्रकट वाचनाचा. एकाने उभे राहून वाचायचे, बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवून ऐकायचे. गुरुजी मध्येच “पुढे तू” म्हणत, आणि ज्याचे बोट केळीच्या वाडीत फिरायला गेलेले असे त्याची फजिती होई. त्या तासाच्या आठवणीने आजही कोऱ्या पुस्तकाचा वास नाकात दरवळतो. कोरे पुस्तक मात्र माझ्या वाट्याला क्वचितच आले.

पाचवीत असताना एकदा माझ्यावर पाळी आली. आमच्या घरची बोली सामवेदी. पुस्तकातली मराठी आम्हांला पाहुण्यासारखी वाटे. वाचता वाचता घरच्या बोलीचे वळण जिभेवर आले आणि सारा वर्ग हसला. मी पुस्तक मिटून खाली बसलो. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून खाकी कागदात गुंडाळलेला एक जाड ग्रंथ काढला आणि त्यातल्या मराठी भाषेच्या थोरवीच्या ओव्या संथ लयीत वाचल्या. मग ते म्हणाले, “हे लिहिणारा माणूस विलायतेत जन्मला. तिशीत गोव्याला उतरला, तोवर आपल्या भाषेचा एक शब्द त्याला ठाऊक नव्हता. तो जर इतके लिहू शकतो, तर तू एक पान का वाचू नयेस? तुझी तर ही घरची भाषा.” गुरुजी आमच्या धर्माचे नव्हते. ग्रंथ होता ‘ख्रिस्तपुराण’. फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मी प्रथम देवळात नव्हे, तर त्या वर्गात ऐकले.

पुढे वाचीत गेलो तसतशी त्या नावामागची कथा उलगडत गेली. स्टीफन्स यांचा जन्म १५४९ चा, इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातला. येशूसंघात प्रवेश करून ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. ही चाळीस वर्षे त्यांनी सासष्टीच्या खेड्यापाड्यांत घालविली. नवख्रिस्ती लोकांच्या घरांतील जुने पुराणवाचन बंद झाले होते आणि ती जागा रिकामी होती. ती भरून काढण्यासाठी त्यांनी बायबलातील कथा ओवीछंदात, मराठीत रचल्या. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. मात्र तो छापला गेला रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ज्ञानोबांचा, आणि अक्षरे मात्र परदेशी!

असे का व्हावे? याचे उत्तर खुद्द स्टीफन्स यांच्या १६०८ सालच्या एका पत्रात सापडते. रोममधील येशूसंघाच्या श्रेष्ठींना ते लिहितात की, मलबारात जशी देशी लिपीत पुस्तके छापली गेली तशी येथेही व्हावीत, ही माझी फार वर्षांची इच्छा आहे. पण अडचणी दोन आहेत. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते. येथे जोडाक्षरे आणि काने-मात्रे धरून सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील. आणि दुसरे असे की, प्रांताधिकाऱ्यांच्या आज्ञेवाचून व साहाय्यावाचून हे काम होणे नाही; त्यांच्यामागे इतके व्याप की त्यांना या गोष्टीसाठी सवडच मिळत नाही. ‘सवड’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. मला तो पुढे लागणार आहे.

आता आपला खेळ सुरू करू. पहिला ‘जर’ छापखान्याचाच. १५५६ साली गोव्यात आलेला हिंदुस्थानातील पहिला छापखाना मुळात हिंदुस्थानासाठी निघालाच नव्हता. तो जायचा होता ॲबिसिनियाला, तेथील नियोजित पॅट्रिआर्कांबरोबर. पण तेथील राजाची मर्जी अनुकूल दिसेना, म्हणून यंत्र गोव्यातच राहिले. राजाने ‘या’ म्हटले असते, तर आपल्याकडील मुद्रणाचा पहिला पाठ आफ्रिकेतल्या कोणत्या तरी डोंगरावर गिरविला गेला असता!

दुसरा ‘जर’ सहाशे साच्यांचा. समजा, १६०८ च्या त्या पत्राला रोमहून होकार आला. प्रांताधिकाऱ्यांना सवड झाली. गोव्याच्या कुशल सोनारांनी सहाशे साचे पाडले आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ बाळबोध लिपीत बाहेर पडले. गोव्याहून गलबते वसईच्या खाडीत येतच होती. एखाद्या गलबतातून पाचपन्नास प्रती आमच्याकडे उतरल्या असत्या. मग कोण्या फादरांनी मुलांसाठी पहिली वाचनमाला छापली असती. स्टीफन्स यांनी पत्र लिहिले त्याच साली देहूला तुकोबांचा जन्म झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे खिळे घाटावर चढले असते तर गाथाही छापील झाली असती. आणि शेकडो छापील प्रती घरोघर असताना इंद्रायणीत बुडविणाऱ्यांनी किती म्हणून बुडविल्या असत्या? कल्पना मोठी लोभस आहे.

पण कल्पनेच्या पतंगाला इतिहासाचा दोरा लागतोच. मुंबईत भीमजी पारेख यांनी खटपट केल्यावर १६७४ साली इंग्लंडहून एक मुद्रक आला. पण तो छपाई जाणणारा, खिळे पाडणारा नव्हे, म्हणून देशी लिपीचे काम अडले. गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. सहाशे साचे असतेच, तर या फर्मानानंतर ते कोठाराच्या कोपऱ्यात गंजले असते. आणि वसईत तरी काय झाले असते? १७३९ साली किल्ला मराठ्यांनी घेतला, राज्य बदलले. पण शेतकऱ्याच्या पोराच्या हाती पुस्तक देणारी शाळा उभी राहायला त्यानंतरही पुष्कळ काळ जावा लागला. मराठीसाठी देवनागरी खिळे उभे राहिले ते विल्यम केरींच्या व्याकरणाच्या निमित्ताने, १८०५ साली, तेही दूर बंगालमधील श्रीरामपुरात. पाठोपाठ १८०६ मध्ये तंजावरला ‘बालबोध मुक्तावली’ निघाली, इसापाच्या गोष्टींची. स्टीफन्स यांच्या पत्रापासून मोजले तर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, पण त्यांतली एकही प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. कोणी तरी बसून हाताने उतरून घेतला, कोणी तरी मोठ्याने वाचला, घरच्यांनी ऐकला. त्याच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने देवनागरीत आला. आमच्या गुरुजींच्या खणात होती ती हीच प्रत. छापील कागद नाहीसा झाला; कोणीतरी कोणासाठी तरी वाचून दाखविले, ते मात्र टिकले.

आता ओटीवर येऊ. त्या दिवशी गुरुजींनी मला तो ग्रंथ एका रात्रीपुरता घरी दिला. माझी आजी लाल लुगड्यात, जपमाळ हाती घेऊन बसलेली. तिला अक्षरओळख नव्हती. दर महिन्याला घरी ‘निरोप्या’ येई. १९०३ साली जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले हे मासिक तिला वाचून दाखविणे हे माझे काम. त्या रात्री मी तिला ओव्या वाचून दाखविल्या. काही कळले, काही कळले नाही, दोघांनाही. मी थांबलो तेव्हा तिने ग्रंथ मांडीवर घेतला, पानावरून हात फिरविला आणि म्हणाली, “मला वाचता आलं असतं तर मी हे रोज वाचलं असतं.” तिचे भाऊ शाळेत गेले होते, ती पानमळ्यात गेली होती. तिच्या उभ्या आयुष्यातला हा एकच ‘जर’ मी ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचा मास्तर झालो. माझी जुनी अंकलिपी काढली. ती पाटीवर पेन्सिल अशी दाबून धरी की पेन्सिल मोडे, आणि मग आम्ही दोघे हसत सुटायचो. ‘म’पर्यंत आलो. ‘म’ तिला लवकर आला, कारण तो मरियेचा होता. मग माझी वार्षिक परीक्षा आली. “परीक्षा झाली की पुढचं शिकू,” असे मी म्हणालो. परीक्षा झाली, सुट्टी आली, विटीदांडू आला, पुढची इयत्ता आली. ती कधी आठवण करून देत नसे. अंकलिपी मात्र तिने उशाशी ठेवली होती. १९६९ साली ती गेली, तेव्हा तिच्या पेटीत ती सापडली. ‘म’च्या पानावर खूण म्हणून जपमाळेचा तुटलेला दोरा होता.

सहाशे साचे पाडायला गोव्यात कोणाला सवड झाली नाही, म्हणून मी तरुणपणी फार हळहळत असे, लेखही लिहिले. एका म्हातारीला उरलेली अक्षरे शिकवायला मला स्वतःला सवड झाली नाही, हे कबूल करायला मात्र सारे आयुष्य गेले. इतिहासातल्या थोरामोठ्यांना दोष देताना आता माझा हात आखडतो.

आज ते सहाशे साचे प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. माझी नातवंडे त्याच फोनवर मला निरोप धाडतात. भाषा मराठी आणि अक्षरे रोमन! फादर स्टीफन्स यांना नाइलाजाने जे करावे लागले, ते आमची मुले सहज म्हणून करतात. मी रागावत नाही. गेल्या पावसाळ्यापासून शनिवारी संध्याकाळी धाकट्या नातीला शेजारी बसवून एक पान वाचायला लावतो. ती अडखळते, बोट ओळीवरून निसटते. मी “पुढे तू” म्हणतो आणि वाट पाहतो. आता मला सवडच सवड आहे.