ओक रिजचे चार आवाज

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या पूर्वभागात, क्लिंच नदीच्या खोऱ्यात, १९४२ पर्यंत व्हीट, एल्झा, रॉबर्ट्सव्हिल, स्कारबरो अशी काही लहान गावे होती. शेते, चर्च, स्मशाने, एखादी शाळा, एवढाच त्यांचा संसार. त्या वर्षी लष्कराने तेथील सुमारे ५९,००० एकर जमीन ताब्यात घेतली आणि सुमारे ३,००० माणसांना पिढ्यान्पिढ्यांची घरे सोडावी लागली. काहींना तर दोन-तीन आठवड्यांचीच मुदत मिळाली. जमीन कशासाठी हवी, हे कोणालाच सांगण्यात आले नाही. शासकीय सेवेत असताना भूसंपादनाच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या. मोबदल्यावरून झालेले तंटे पाहिले, मुदतीवरून झालेले पाहिले. परंतु संपादनाचे प्रयोजनच गुप्त ठेवलेले प्रकरण माझ्या टेबलावर कधी आले नाही.

त्या जमिनीवर जे नगर उभे राहिले त्याचे नाव ओक रिज. भोवती कुंपण, वेशीवर पहारेकरी, प्रत्येकाच्या छातीवर ओळखपत्र. १९४५ मध्ये या नगराची वस्ती सुमारे ७५,००० झाली होती, तरी नकाशावर त्याचा पत्ता नव्हता. तेथे युरेनियमवर प्रक्रिया होत होती; पण यंत्रांसमोर बसून काटे पाहणाऱ्या बहुसंख्य कामगारांना आपण काय तयार करीत आहोत, हे ठाऊक नव्हते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडल्यावर त्यांना आपल्या कामाचा अर्थ कळला. वेशीची दारे सर्वांसाठी उघडली ती १९४९ मध्ये.

देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली, चिखलात आणि घाईने उभारलेल्या घरांत राहणारी ही माणसे. कृष्णवर्णीय कामगारांच्या वाट्याला त्याहूनही हलकी, वेगळी काढलेली खोपटी आली होती. बाहेर काय बोलायचे नाही, हे सर्वांना बजावलेले. अशा ठिकाणी करमणुकीची भूक मोठी असते. जवळच्या नॉक्सव्हिल शहरातून वॉली फाउलर या गायकाचा ‘जॉर्जिया क्लॉडहॉपर्स’ नावाचा कंट्री गाण्याचा संच तेथे कार्यक्रमांसाठी जाऊ लागला. श्रोत्यांची फर्माईश असे ती प्रामुख्याने गॉस्पेलची, म्हणजे दक्षिणेकडील चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या भक्तिगीतांची. ती गाण्यासाठी फाउलरने संचातूनच चौघांची एक चौकडी काढली आणि पुढे तिला गावाचेच नाव दिले, ओक रिज क्वार्टेट. आज जगभर ‘ओक रिज बॉइज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायकसंचाचा हा उगम.

चौघांनी मिळून गाण्याची ही रीत त्या प्रदेशात आधीच रुजलेली होती. गावोगावी भरणाऱ्या गानशाळांतून शेतकऱ्यांना स्वरलेखन शिकवले जाई. त्यात प्रत्येक स्वराच्या चिन्हाचा आकार निराळा असे, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, जेणेकरून फारसे न शिकलेल्यालाही आकार पाहून स्वर लावता यावा. लॉरेन्सबर्ग येथील जेम्स व्हॉन या प्रकाशकाने १९१० मध्ये आपली गीतपुस्तके खपावीत म्हणून पगारी गायकांची चौकडी दौऱ्यावर पाठवली. भक्तीच्या पोटी व्यापार होता, हे खरे. पण त्या व्यापारानेच एक गानप्रकार घडवला.

आपल्या कानाला या गाण्याची सवय नसते, म्हणून थोडे विवेचन करतो. आपण एकच सुरावट घेऊन तिचा विस्तार करतो. साथीला तंबोऱ्याचा षड्ज-पंचम पुरतो. चौकडीत मात्र एकाच क्षणी चार निरनिराळे स्वर लागतात. मूळ चाल गाणारा ‘लीड’. त्याच्या वर ‘टेनर’. तळाशी मंद्रातला ‘बेस’. आणि लीड व बेस यांच्यामधली पोकळी भरणारा ‘बॅरिटोन’. श्रोता चाल गुणगुणतो, टेनरच्या उंचीला टाळी देतो, बेसच्या खर्जाने थक्क होतो. बॅरिटोनकडे कोणाचे लक्ष नसते. तो गप्प झाला, की काहीतरी हरवल्याचे मात्र सर्वांना जाणवते.

संच घडत-मोडत राहिला. माणसे आली, गेली. १९५६ मध्ये तो बंदच पडला होता. पुढे नावाचे हक्क फाउलरने कर्जाच्या मोबदल्यात स्मिटी गॅटलिन या गायकाकडे सोपवले आणि १९६१ मध्ये ‘क्वार्टेट’चे ‘बॉइज’ झाले. ज्या चौघांना जग ओळखते ते त्यानंतर जमले. अलाबामाचा विल्यम ली गोल्डन १९६५ मध्ये बॅरिटोन म्हणून आला आणि टेक्सासचा ड्वेन ॲलन १९६६ मध्ये लीड म्हणून. रिचर्ड स्टर्बन १९७२ मध्ये आला, तो एल्विस प्रेस्लीच्या मागे गाणाऱ्या संचातली जागा सोडून. त्या काळी अनेकांना तो वेडेपणा वाटला असेल. १९७३ मध्ये टेनर जो बोन्सल आला. यांतले स्टर्बन आणि बोन्सल उत्तरेकडचे, न्यू जर्सी व फिलाडेल्फियाचे. दक्षिणेचे म्हणून जे गाणे ओळखले जाते त्याचे दोन खांब परप्रांतातून आलेले आहेत, ही गोष्ट आपल्यासारख्या पिढ्यान्पिढ्या दुसऱ्या प्रांतात नांदलेल्या वाचकांना विशेष वाटू नये.

गॉस्पेलसाठी त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळत होते, पण चर्चच्या वर्तुळात कुरबुर सुरू झाली होती. ढोल-गिटारांचा दणका, वाढवलेले केस, भडक कपडे! कार्यक्रम कमी होऊ लागले आणि १९७० च्या दशकाच्या मध्याला संचाची आर्थिक स्थिती पार खालावली. त्या पडत्या काळात जॉनी कॅश या थोर कंट्री गायकाने त्यांना आपल्या कार्यक्रमांत घेतले आणि एकत्र राहण्याचा आग्रह धरला. १९७७ मध्ये ‘यॉल कम बॅक सलून’ हा त्यांचा कंट्री अल्बम आला आणि दिवस पालटले. भक्तिगीते गाणाऱ्यांनी मद्यगृहाच्या नावाचा अल्बम काढावा, हे जुन्या श्रोत्यांना रुचणे कठीणच होते. माझे मत विचाराल तर त्यांनी गाण्याचा विषय बदलला, चार स्वरांची चर्चमधली मांडणी मात्र होती तशीच ठेवली. १९८१ चे ‘एल्व्हायरा’ हे गाणे ऐकावे. डॅलस फ्रेझियरची ही जुनी रचना आधी इतरांनीही गायिली होती. ती कंट्रीच्या यादीत अग्रस्थानी आणि सर्वसाधारण यादीत पाचव्या स्थानी पोहोचली ती या चौघांमुळे. त्यात स्टर्बन काही निरर्थक अक्षरे खर्जात घोळवतो. ती ऐकताना मला तराण्याची आठवण होते. तेथेही अर्थ बाजूला सारून नाद पुढे येतो.

१९८७ मध्ये वादळ आले. गोल्डनने छातीपर्यंत दाढी आणि लांब केस वाढवले होते, डोंगरात राहणाऱ्या जुन्या शिकाऱ्यासारखा त्याचा वेष होता. वेषापलीकडेही मतभेद होते. इतर तिघांनी त्याला संचातून काढले. त्याच्या जागी वादकांपैकी गिटार वाजवणारा स्टीव्ह सँडर्स आला. तो उत्तम गाणारा होता. तरीही त्या आठ वर्षांतली ध्वनिमुद्रणे ऐकताना चारही स्वर बरोबर लागूनसुद्धा मधला धागा निराळ्या पोताचा वाटतो. १९९५ च्या अखेरीस सँडर्स बाहेर पडल्यावर तिघांनी गोल्डनला परत बोलावले आणि तो आला. कुटुंबात फूट पडल्यावर पुन्हा पंगतीला बसणे किती अवघड असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या परतण्याची किंमत कळेल.

पुढे मानसन्मान आले. २०११ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीचे सदस्यत्व, २०१५ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते डेव्ह कॉब या तरुण निर्मात्याबरोबरचे त्यांचे उत्तरायुष्यातील काम. ‘सेव्हन्टीन्थ ॲव्हेन्यू रिव्हायव्हल’ (२०१८) आणि ‘फ्रंट पोर्च सिंगिंग’ (२०२१) या अल्बमांत वाद्यांचा पसारा आवरलेला आहे आणि कंठ पुढे आले आहेत. वयाने आलेली खरखर झाकलेली नाही.

२०२३ मध्ये त्यांनी निरोपाचा दौरा जाहीर केला. जानेवारी २०२४ मध्ये स्नायू निकामी करणाऱ्या आजारामुळे बोन्सल दौऱ्यांतून निवृत्त झाला आणि ९ जुलै २०२४ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या जागी बेन जेम्स हा तरुण गायक आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आईविषयीच्या गाण्यांचा ‘मामाज बॉइज’ हा अल्बम प्रसिद्ध झाला.

तो ऐकताना मी मुद्दाम मधल्या आवाजावर कान ठेवला. गोल्डन तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा होता. आवाज विरला आहे, श्वास कोठे कोठे तोकडा पडतो. वर तरुण टेनर, खाली स्टर्बनचा झिजलेला खर्ज, आणि मधोमध हा म्हातारा, सावकाश, दुसऱ्याच्या चालीला जागा देत गाणारा. व्हीट गावात आज घरे नाहीत. एक जुने चर्च तेवढे उभे आहे.