चित्रकाराचा स्वतःचा चेहरा

कसाल-मालवण मार्गावरील कट्टा हे गाव ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंग कागदावर रंगवून त्या चित्रांची पोथी तयार करायची आणि वाद्यांच्या साथीने एकेक चित्र पुढे धरून कथा गायची, असे तिचे स्वरूप असून सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. या पोथ्यांचा विषय देव, राजे आणि राक्षस हा आहे, चित्रकार नव्हे. आणि कथेकरी स्वतःच चित्रामागे बसून गात असल्यामुळे त्याला आपला चेहरा कागदावर उतरवण्याची गरज तरी काय होती? आत्मचित्र, म्हणजे चित्रकाराने आरशात पाहून केलेले स्वतःचेच व्यक्तिचित्र, ही गरज चित्र भिंतीवर लागून चित्रकार त्याच्यापासून दूर गेला तेव्हाची आहे.

ते अंतर कोकणात मुंबईमार्गे आले. 1857 साली स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत यथार्थदर्शी चित्रणाचे, म्हणजे वस्तू डोळ्यांना दिसते तशी रेखाटण्याचे, शिक्षण मिळू लागले आणि सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर (1882–1968) यांच्यासारखे व्यक्तिचित्रकार त्यातून घडले. या शिस्तीला धक्का दिला तो गोव्याच्या बार्देशातील साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा (1924–2002) यांनी. बालपणी देवीच्या आजारातून वाचल्यावर आईच्या नवसामुळे त्यांना संत फ्रान्सिस झेवियरचे नाव मिळाले, आणि त्यांच्या चित्रांतील टिंबांनी व फराट्यांनी भरलेल्या चेहऱ्यांपुढे उभे राहताना हे चरित्र विसरता येत नाही. 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या सूझांचे नग्न आत्मचित्र 1949 साली मुंबईतील प्रदर्शनातून काढले गेले आणि त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. आत्मचित्राला एवढी किंमत मोजावी लागली, यातच त्याचे नवेपण दिसते.

अशा उघड्या कबुलीला कोरडे रंग विशेष मानवतात. पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी थोड्या डिंकाने बांधून केलेली कांडी, तर मेणखडूत तीच भुकटी मेणात कालवलेली असते; दोहोंत रेघ आणि रंग एकाच हालचालीत उमटतात, तैलरंगासारखी वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, मात्र मेणाची रेघ सहज पुसता येत नाही. दृष्टी अधू झालेल्या शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने 1770च्या दशकात चष्मा घातलेला आपला म्हातारा चेहरा पेस्टलमध्ये काढला. नव्वदीतील पिकासोने 30 जून 1972 रोजी पेन्सिल व रंगीत खडूंनी केलेल्या आत्मचित्रात तर डोळे विस्फारलेली जवळजवळ कवटीच उरली आहे. शार्दँ वार्धक्याकडे शांतपणे पाहतो, पिकासो घाबरतो, आणि खडूची घाई ती भीती लपू देत नाही. म्हणून दोहोंत पिकासोचे चित्र अधिक खरे वाटते.

खडूचे हे माध्यम महाराष्ट्रातील शाळांत पोचवण्यात 1931 साली गिरगावात शाईच्या भुकटीपासून व्यवसाय सुरू करणाऱ्या दांडेकर बंधूंच्या कॅम्लिनचा मोठा वाटा आहे. तरीही एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांना स्थान आहे, आत्मचित्राला नाही. कट्टा गावातील शाळेच्या वर्गात खडूची पेटी आहेच. कलाशिक्षकांनी तिच्याशेजारी एक आरसा ठेवावा.