'ओपनऑफिस' मॅकवर कसे पोहोचले?

'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' हे पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरण यांसाठीचे मोफत सॉफ्टवेअर. 'सन मायक्रोसिस्टिम्स' या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये 'स्टार डिव्हिजन' ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि तिच्या 'स्टारऑफिस'चा सोर्स कोड १३ ऑक्टोबर २००० रोजी सर्वांसाठी खुला केला. मे २००२ मध्ये त्याची १.० आवृत्ती विंडोज, लिनक्स व सोलारिससाठी आली. मॅक संगणकांच्या वाट्याला मात्र प्रदीर्घ प्रतीक्षा आली.

एका प्रणालीवरील सॉफ्टवेअर दुसरीवर चालते करणे म्हणजे 'पोर्टिंग'. यात बहुतांश कोड तसाच राहतो. परंतु खिडक्या, मेनू, फॉन्ट, छपाई, कळफलक या बाबी त्या त्या प्रणालीच्या स्वाधीन असतात. ओपनऑफिसमध्ये ही कामे 'व्हीसीएल' नावाच्या थराकडे होती. मॅकसाठी त्याचा प्रणालीशी निगडित भाग नव्याने लिहिणे आवश्यक होते. स्वयंसेवक मूठभर, कोड अवाढव्य. म्हणून प्रथम जवळची वाट धरण्यात आली. युनिक्स परंपरेतील 'एक्स-११' या चित्रण-व्यवस्थेच्या आधारे २००३ मध्ये मॅक आवृत्ती निघाली. ती चालत होती, पण पाहुण्यासारखी! मेनू पडद्याच्या माथ्यावर नव्हे, तर खिडकीत. शिवाय एक्स-११ वेगळे बसवावे लागे.

पॅट्रिक लुबी आणि एडवर्ड पीटरलिन या प्रोग्रामरनी 'निओऑफिस' या स्वतंत्र प्रकल्पाद्वारे निराळा मार्ग शोधला. पडद्यावरील चित्रणासाठी त्यांनी जावाचा आधार घेतला. २००५ मध्ये निओऑफिसची १.१ आवृत्ती आली आणि एक्स-११ ची गरज संपली.

मग हे काम मूळ प्रकल्पात का सामावले गेले नाही? अडचण तांत्रिक नव्हती. ओपनऑफिसला कोड देणाऱ्यास कॉपीराइटमध्ये सनला भागीदार करून घ्यावे लागे, कारण त्याच कोडवर सन 'स्टारऑफिस' विकत होती. निओऑफिसने 'जीपीएल' हा परवाना स्वीकारला. त्यातील बदल खुले होते, मात्र कोणत्याही कंपनीला ते बंदिस्त उत्पादनात वापरता येत नव्हते. मूळ प्रकल्पातून निओऑफिसकडे कोड जाऊ शकत होता, उलट दिशेने नाही. परिणामी तेच कोडे दोन गटांनी दोनदा सोडवले. मनुष्यबळ आधीच तुटपुंजे असताना हा अपव्यय जड होता.

ओपनऑफिसच्या स्वयंसेवकांनी मॅकच्या 'अ‍ॅक्वा' या मूळ व्यवस्थेसाठी व्हीसीएल लिहिण्यास घेतले. मे २००७ मध्ये सनने आपले अभियंते या कामात उतरवल्याचे जाहीर केले आणि कामाला वेग आला. १३ ऑक्टोबर २००८ रोजी ३.० आवृत्ती एक्स-११ विना मॅकवर दाखल झाली.

२०१० मध्ये सन 'ओरॅकल'च्या ताब्यात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अनेक स्वयंसेवकांनी वेगळे होऊन 'लिबरऑफिस' सुरू केले. तेथे कॉपीराइट सोपवण्याची अट ठेवण्यात आली नाही.