एमा परत आली

एमा डेस्टिनोव्हाविषयी लिहिणारे बहुतेकजण न्यूयॉर्कपासून सुरुवात करतात. तिथे गायक कारुसो आहे, वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी आहे, संगीतकार पुच्चिनी आहे, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण मी आयुष्यभर मुलींना गाणं शिकवत आले. कुठल्याही गायिकेचं नाव निघालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिकली कुणाकडे?

प्रागमधल्या किटल नावाच्या सुखवस्तू घरात २६ फेब्रुवारी १८७८ ला तिचा जन्म झाला. आई गाणारी. मुलीच्या हातात मात्र आधी व्हायोलिन आलं, आणि ते शिकवायला फर्डिनांड लाख्नर होते. चेक संगीतकार द्वोरझाकबरोबर गावोगावी मैफली केलेला हा माणूस. गाण्याकडे ती नंतर वळली. मारी लेव-डेस्टिन या बाईंकडे तिने गळा तयार केला आणि रंगमंचावर उभं राहायची वेळ आली तेव्हा वडिलांचं आडनाव बाजूला ठेवून गुरूचं नाव लावलं: एमी डेस्टिन. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना शिष्य कानाच्या पाळीला हात लावतो. हिने ते नाव फलकावर, करारावर आणि तबकडीवर जन्मभर वागवलं. मला ती पहिल्यांदा आवडली ती यासाठी.

व्हायोलिनचा संस्कार तिच्या गाण्यात मला स्पष्ट ऐकू येतो. वरचा स्वर अगदी हळू लावायचा असला तरी तो डळमळत नाही. तो सापडलेला असतो, शोधावा लागत नाही. ज्याने बिनपडद्याच्या वाद्यावर लहानपणी बोट ठेवलंय, त्याचा कान असाच घडतो.

कारकीर्द सुरू झाली ती प्रागमध्ये नव्हे, बर्लिनमध्ये. १९ जुलै १८९८, बर्लिनचा राजदरबारी ऑपेरा, मास्कान्यीच्या ‘कावालेरिया रुस्तिकाना’तली सान्तुझ्झा. वय वीस. फसवणूक झालेल्या खेडवळ मुलीची ती भूमिका आवाज फाडून टाकणारी आहे. विसाव्या वर्षी माझ्या शिष्येला मी ती गाऊ दिली नसती. हिला ती पेलली. पुढची दहा वर्षं बर्लिन हेच तिचं घर. १९०१ मध्ये बायरॉइटला वाग्नरचा ‘फ्लाइंग डचमन’ प्रथमच उभा राहिला, त्यात सेन्टा ही. १९०५ मध्ये लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डनमध्ये ‘मादाम बटरफ्लाय’ पहिल्यांदा झालं, तेव्हा कारुसोसमोर बटरफ्लाय हीच. आणि १९०६ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये रिचर्ड श्ट्राउसची ‘सालोमे’. सम्राट विल्हेल्मला हे कथानक पसंत नव्हतं. अखेर शेवटच्या प्रवेशात आकाशात बेथलहेमचा तारा दाखवायचा, या तोडग्यावर परवानगी मिळाली. त्या ताऱ्याखाली गाणारी सालोमे म्हणजे एमी डेस्टिन.

१६ नोव्हेंबर १९०८ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचा हंगाम ‘आईदा’ने उघडला. कारुसो होताच. वाद्यवृंदासमोर तोस्कानिनी, अमेरिकेत पहिल्यांदा. तिचाही तिथला तो पहिलाच प्रयोग.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९०९ ला जे घडलं, त्यावर मला थोडं थांबायचं आहे. चेक संगीतकार स्मेतानाची ‘विकलेली नवरी’ अमेरिकेत पहिल्यांदा झाली. चेक खेड्यातली मारझेन्का गायली प्रागमध्ये जन्मलेली एमा. संचालन गुस्ताव माहलरचं, आणि तोही बोहेमियातल्या एका खेड्यातच जन्मलेला. प्रयोगाची भाषा मात्र जर्मन. तिथल्या रसिकांना हे खटकण्याचं काही कारण नव्हतं. चेक माणसाला ते कसं लागलं असेल, हे समजायला प्रागचं नॅशनल थिएटर ठाऊक असावं लागतं. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्गांच्या राज्यात प्रतिष्ठा जर्मनला होती. चेक लोकांनी वर्गणी गोळा करून स्वतःच्या भाषेसाठी ते नाट्यगृह बांधलं. १८८१ मध्ये ते उघडलं, त्याच उन्हाळ्यात जळालं. लोकांनी पुन्हा पैसे काढले आणि १८८३ मध्ये स्मेतानाच्या ‘लिबुशे’ने ते पुन्हा सुरू झालं. तेव्हा एमा पाच वर्षांची होती. तिच्या पिढीच्या दृष्टीने ऑपेरा ही श्रीमंतांची संध्याकाळ नव्हती. आपली भाषा मोठ्या गोष्टी बोलू शकते, याचा तो पुरावा होता. असा पुरावा बालपणी पाहिलेली मुलगी बर्लिनमध्ये जर्मन आणि न्यूयॉर्कमध्ये इटालियन गात मोठी झाली.

१० डिसेंबर १९१० ला पुच्चिनीच्या ‘ला फान्चुल्ला देल वेस्त’चा जगातला पहिला प्रयोग न्यूयॉर्कला झाला. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींवर दारूचा गुत्ता चालवणाऱ्या मिनीची भूमिका तिची. समोर कारुसो आणि पास्क्वाले अमातो, संचालनाला तोस्कानिनी, प्रेक्षागृहात खुद्द पुच्चिनी. तिकिटांचे दर दुप्पट होते. सोप्रानो म्हणून याहून वर जायला जागाच उरत नाही.

तबकड्या ती बर्लिनपासूनच देत होती. १९०८ मध्ये ‘कारमेन’ आणि ‘फाउस्ट’ हे दोन ऑपेरे तिने जवळजवळ संपूर्ण ध्वनिमुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर उभं राहायचं, स्वर चढला की मागे सरायचं, आणि सगळं चारेक मिनिटांच्या तुकड्यांत बसवायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकलेल्या कानाला ही खरखर नवी नाही. तिच्यामागचा आवाज कसा उचलायचा, ते आपल्याला माहीत आहे.

१९१४ मध्ये तिने दक्षिण बोहेमियात नेझारका नदीकाठच्या स्त्राझ गावातला वाडा विकत घेतला. पहिलं महायुद्ध पेटलं. अमेरिका तेव्हा त्यात नव्हती, आणि न्यूयॉर्कला राहून ती सुखाने गात राहिली असती. १९१६ मध्ये ती मायदेशी परतली. चेक स्वातंत्र्याच्या गुप्त चळवळीशी तिचा संबंध असल्याचं ऑस्ट्रियाच्या सरकारला कळलं होतं. पासपोर्ट जप्त झाला आणि तिला तिच्याच वाड्यात स्थानबद्ध केलं गेलं. तिचा जोडीदार, फ्रेंच नागरिक असलेला बॅरिटोन दिन्ह जिली, शत्रुदेशाचा म्हणून अटकेत होता. अडतिसावं वर्ष, आवाज ऐन भरात आणि जगातले सगळे मोठे रंगमंच बंद. गाणाऱ्या बाईला ही वर्षं परत मिळत नसतात. तरुण मुलींना शिकवताना मी हे पुन्हापुन्हा सांगते.

बंधनं सैल झाल्यावर ती चेक गावांमध्ये गायली. लोकगीतं, स्मेताना, द्वोरझाक. माझ्या लेखी तिच्या कारकिर्दीचं शिखर हे आहे, १९१० नव्हे. न्यूयॉर्कला मिनी गाणारी दुसरी कुणी मिळाली असती. घरच्या माणसांना त्यांच्याच भाषेत त्या दिवसांत गाऊन दाखवायला मेट्रोपोलिटनची नायिका वाड्याच्या दारातून बाहेर आली, ती एकटीच.

१९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. पुढच्या वर्षी ती परदेशात पुन्हा गायला लागली, तेव्हा एमी डेस्टिनऐवजी एमा डेस्टिनोव्हा हे चेक वळणाचं नाव लावून. मेट्रोपोलिटनलाही परतली. पण तोवर तिथे एकवीस वर्षांच्या रोझा पोन्सेलने कारुसोसमोर पदार्पण केलं होतं. कंपन्या कुणासाठी थांबत नाहीत. लवकरच तिने न्यूयॉर्क कायमचं सोडलं. स्त्राझच्या वाड्यात राहून तिने कादंबरी लिहिली, नदीवर गळ टाकून मासे धरले, १९२३ मध्ये लग्न केलं. आणि शिकवलं. तिच्याकडे शिकलेल्या यार्मिला नोव्होत्नाने १९२५ मध्ये प्रागच्या नॅशनल थिएटरात पदार्पण केलं, तेही मारझेन्काच्याच भूमिकेत. हीच मुलगी १९४० मध्ये मेट्रोपोलिटनच्या रंगमंचावर पोचली.

२८ जानेवारी १९३० ला चेस्के बुद्येयोविट्से शहरात एमा गेली. एक्कावन्न वर्षांची होती. प्रागच्या विशेहराद दफनभूमीत, देशातल्या थोरांसाठी बांधलेल्या स्लाविन समाधीत तिला ठेवलं आहे. चेक प्रजासत्ताकाने दोन हजार कोरुनांच्या नोटेवर तिचा चेहरा छापला.

तिला ऐकायचं असेल तर कारुसोबरोबरच्या द्वंद्वगीतापासून सुरुवात करू नका. तिथे लक्ष त्याच्याकडे जातं. द्वोरझाकच्या ‘रुसाल्का’तलं चंद्राला उद्देशून असलेलं गाणं तिने मुद्रित केलं आहे. ते आधी ऐका. पहिल्यांदा खरखर ऐकू येईल. दुसऱ्यांदा एमा ऐकू येईल.